विहीणबाईंची रताळी

खरं सांगा, रताळं तुम्ही स्वतःच्या पैशाने शेवटचं कधी विकत घेतलंत? नाही ना आठवत? मलाही आठवत नव्हतं. आपल्या घरात रताळं येतं ते आईच्या पिशवीतून, महाशिवरात्रीच्या नाहीतर एकादशीच्या आदल्या दिवशी. मंडईत ढीग लागतात, भाव चढतात, घरी कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. आपण फोनवर बोलता बोलता एक फोड तोंडात टाकतो आणि पुढचे काही महिने त्याचं तोंड बघत नाही. रताळं हा भाजीबाजारातला लांबचा चुलतभाऊ आहे. फक्त कार्याला भेटतो.

अमेरिकेत मात्र ह्या चुलतभावाचा थाट जाम वेगळा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. १८६३ साली अब्राहम लिंकनने हा सण देशभर पाळायचा म्हणून जाहीर केला आणि १९४१ मध्ये चौथ्या गुरुवारचा कायदाच झाला. तर त्या दिवशी टेबलावर टर्कीचं जे काही स्थान असेल ते असो, तिच्या शेजारी रताळी हवीतच. चकत्या करून, बटर आणि ब्राऊन शुगरच्या पाकात मुरवलेली, वर दालचिनी, जायफळ. नाव ‘कँडीड याम्स’. आणि गंमत म्हणजे ही स्वीट डिश नाही. साइड डिश! जेवताना, ताटात, बाकीच्या खारट-तिखट पदार्थांच्या मांडीला मांडी लावून. इंग्रज लोक गोड शेवटी खातात हा जो फंडा आपल्याला शाळेपासून पढवलाय, तो इथे फेल. वरणभात, मठ्ठा आणि जिलबी एकाच पानात जेवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे मी वाचून सांगत नाहीये. २०२२ चा थँक्सगिव्हिंग मी नॉर्थ कॅरोलायनामध्ये, ताईच्या सासरी काढला. तारीख २४ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग कधीही गुरुवारीच येतो, त्यात काही विशेष नाही. पण त्या वर्षी तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. आणि माझ्याबरोबर आई होती.

ज्यांच्या आया मार्गशीर्षातले गुरुवार करतात त्यांना एवढं वाक्य पुरे. बाकीच्यांसाठी थोडक्यात: सकाळी घट मांडायचा, कलशात पाच प्रकारची पानं, वर नारळ, दिवसभर उपवास, संध्याकाळी महालक्ष्मीची कथा वाचायची, आरती, नैवेद्य आणि मग जेवण. आणि अमेरिकेच्या त्या भागात थँक्सगिव्हिंगचं जेवण असतं दुपारी दोन वाजता.

पण खरा प्रश्न उपवासाचा नव्हताच. आईची आणि ताईच्या सासूबाईंची ती पहिली भेट होती.

ताईचं लग्न झालं ऑक्टोबर २०२० मध्ये. मॅजिस्ट्रेटसमोर, मास्क लावून, दोन साक्षीदार. तिथे सकाळचे दहा, इथे संध्याकाळचे साडेसात. आम्ही पुण्यात लॅपटॉपसमोर. आईने पैठणी नेसली होती, बाबांनी झब्बा घातला होता आणि मंगलाष्टकं बाबांनीच म्हटली, अर्थात बेसूर. ‘शुभमंगल सावधान’ला आम्ही तिघांनी अक्षता टाकल्या, त्या लॅपटॉपवर. एंटरच्या बटणाखाली पुढे कितीतरी महिने एक तांदूळ अडकून होता. दाबलं की कुरकुरायचा. रिपेअरवाल्याकडे न्यायचं आईने कधी मनावर घेतलं नाही.

जिजू फार्मसिस्ट आहेत, आफ्रिकन-अमेरिकन आहेत, आणि आमच्या नातेवाइकांना ह्यातली पहिली गोष्ट ऐकू जायची नाही. “मुलगा तिकडचाच का? गोरा की...?” हे वाक्य मी त्या दिवाळीत फोनवर इतक्यांदा ऐकलं की त्या ‘की’नंतरचा पॉजसुद्धा मला पाठ झाला. आई प्रत्येकाला सांगायची, “फार्मसिस्ट आहे.” बस. पुढे काही नाही. तिला नक्की काय वाटत होतं हे तिने आम्हालाही सांगितलं नाही. बँकेत चौतीस वर्षं काउंटरवर काढलेली बाई. चेहरा बंद ठेवता येतो तिला.

आणि पुढची दोन वर्षं ताईने एकच काम केलं. ट्रान्सलेशन. म्हणजे भाषेचं नाही, आईला इंग्रजी उत्तम समजतं. तिकडे सासूबाई विचारायच्या, तुझी आई फोन का करत नाही? ताई सांगायची, वेळेचा घोळ होतो. इकडे आई म्हणायची, विहीणबाईंचा एक फोन आला असता तर बरं वाटलं असतं. मानपान नको होता गं, फोन. ताई सांगायची, त्या चर्चच्या कामात बिझी असतात. दोघींपर्यंत पोचायची ती दोन सभ्य उत्तरं. मी जर्नलिझम केलंय, पण बातमी इतकी सफाईने एडिट करणारं डेस्क मी आजवर पाहिलेलं नाही.

आमचे व्हिसे २०१७ चे, ताईच्या कॉन्व्होकेशनच्या वेळी काढलेले. ते होते म्हणून जाता आलं. बाबा आले नाहीत. विमानात बावीस तास बसण्यापेक्षा त्यांना पर्वतीचा मॉर्निंग वॉक प्यारा.

जायच्या आधीचा आठवडा ताई आणि मी रात्री उशिरा कुजबुजत प्लॅनिंग करत होतो. मेन्यूमध्ये आईला उपवासाला चालेल असं एकच होतं. रताळी. तेवढ्यासाठी आम्ही मार्शमॅलोवर पीएचडी केली. कारण अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत त्या रताळ्यांवर मार्शमॅलो पसरून ओव्हनमध्ये भाजतात. ह्याच्यामागे चक्क मार्केटिंग आहे. १९१७ साली एंजेलस नावाच्या मार्शमॅलो ब्रँडने, लोकांनी हे प्रकरण रोजच्या स्वयंपाकात वापरावं म्हणून, जॅनेट मॅकेन्झी हिल ह्या पाककलेच्या लेखिकेकडून रेसिपींची पुस्तिका लिहून घेतली. त्यात रताळ्यावर मार्शमॅलो होते. शंभर वर्षांत ती ‘परंपरा’ झाली. (हसू नका. आपल्याकडेही पॅकेटमागच्या रेसिपीची ‘आमच्या आजीची पद्धत’ व्हायला फार वेळ लागत नाही.)

प्रॉब्लेम असा की साध्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेलं. ताईने व्हीगन मार्शमॅलो शोधून काढले. पाकिटावर लिहिलं होतं, टॅपिओका सिरप. टॅपिओका म्हणजे साबुदाण्याचाच कंद! ताई एवढी खूश झाली की तिने दोन पाकिटं घेतली.

बुधवारी दुपारी आम्ही निघालो. रॅलेपासून दक्षिणेला सव्वा तास, सॅम्प्सन काउंटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणी झालेली शेतं, सपाट, वाळूमिश्रित माती. हा सगळा रताळ्याचा मुलूख आहे. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी पिकतात ती नॉर्थ कॅरोलायनामध्ये, आणि १९९५ पासून रताळं ही त्या राज्याची अधिकृत भाजी आहे. आई मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत तांब्याचा कलश, पोथी, हळदकुंकू, नारळ, आणि कॅरीच्या इंडियन स्टोअरमधून घेतलेली कोल्हापुरी गुळाची ढेप. एका तासात ती दोन वाक्यं बोलली. त्यातलं एक “पाणी दे” होतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. उंच, सत्तरीच्या जवळपास, एप्रन बांधलेला. आईला त्या ‘मॅम’ म्हणाल्या. आईही त्यांना ‘मॅम’ म्हणाली. दोघींनी एकमेकींची हालहवाल विचारली, प्रवास, थंडी, गुडघे. बँकेत नवा मॅनेजर आल्यावर जसं बोलतात ना, तसं. ताई सारखी मध्ये हसत होती, कारण नसताना.

मग आईने घटासाठी जागा मागितली. सरळ, स्वतः. ताईने ह्या मुद्द्यासाठी तीन वाक्यांची प्रस्तावना तयार ठेवली होती, ती वाया गेली. “उद्या सकाळी मला पूजा मांडायची आहे, एक कोपरा हवा.” सासूबाईंनी शिलाई मशीनवरचे कपडे उचलले आणि म्हणाल्या, हा चालेल? खिडकी पूर्वेला आहे. पाच पानांचं कळल्यावर सासरेबुवा टॉर्च घेऊन अंगणात गेले आणि मॅग्नोलियाच्या डहाळ्या घेऊन आले. मॅग्नोलियाचं पान जाड, गर्द हिरवं, चकचकीत. लांबून बघितलं तर आंब्याचंच वाटतं. बाकीची चार कसली होती ते मला सांगता यायचं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात आम्ही चौघी. ओव्हनमध्ये सात किलोंची टर्की आधीच गेलेली. टेबलाखाली रताळ्यांचा खोका, चाळीस पौंडांचा, म्हणजे अठरा किलोंचा. शेजारच्या शेतातला. ताईने पिशवीतून हळूच मार्शमॅलोचं पाकीट काढलं.

सासूबाईंनी ते पाकीट असं बघितलं, जसं आई पुरणपोळीवर चॉकलेट सॉस बघेल.

“हनी, माझ्या यामवर हे कधीच नसतं. दुसऱ्या घरांत घालतात. आमच्याकडे नाही.”

झालं! आठवडाभराचा रिसर्च कचऱ्याच्या डब्यात. पण सुटकेचा श्वास घ्यायला ताईला दोन सेकंदच मिळाले, कारण सासूबाईंनी कपाटातून एक पॅन काढून गॅसवर ठेवला होता. काळाभोर, जड, बिडाचा. त्यांच्या आजीचा. बटर ह्यातच, साखर ह्यातच, ओव्हन नाही की काही नाही, गॅसवर झाकण ठेवून. आईचे डोळे चमकले. बिडाचा तवा तिच्या माहेरीही होता. तिने हात फिरवला आणि म्हणाली, किती गुळगुळीत राखलाय. आणि सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, साठ वर्षं रोज सकाळी ह्यात बेकन तळलंय, म्हणून.

ताई माझ्याकडे बघतेय. मी ताईकडे. आता डेस्कवर ही बातमी कशी एडिट करणार?

ताईने नाही केली. तिने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, “मॉम, ह्यात केलेलं आईला चालणार नाही. आज तर नाहीच. बेकनमुळे.” दोन वर्षांत तिने पहिल्यांदा एकीचं दुसरीला जसंच्या तसं सांगितलं असावं. सासूबाई क्षणभर गप्प. मग त्या आत गेल्या आणि एनॅमलचं एक पसरट पातेलं घेऊन आल्या. लग्नात मिळालेलं, न वापरलेलं, तळाला अजून स्टिकर. “पंचेचाळीस वर्षं वाट बघतंय बिचारं,” म्हणाल्या.

रताळी सोलायला घेतली आणि माझी पहिली चूक नाही, पण पहिली करमणूक झाली. साल काढली तर आत केशरी! गाजरासारखं भडक केशरी. आपली रताळी आतून पांढरी नाहीतर फिक्कट पिवळी, शिजली की कोरडी, पिठूळ. ही केशरी जात पाणीदार, मऊ आणि मुळातच गोड. हा रंग बीटा-कॅरोटीनचा, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. सासऱ्यांनी सांगितलं की शेतातून काढल्यावर ती लगेच विकत नाहीत. तीस अंशांच्या आसपास, भरपूर दमट हवेच्या खोलीत चार-सात दिवस ठेवतात. खरचटलेली साल भरून येते, आणि पुढे साठवणीत रताळं गोड होत जातं. फ्रीजमध्ये मात्र ठेवायचं नाही. आतून कडक होतं.

मग ‘याम’चा घोळ. आई म्हणाली, हे तर स्वीट पोटॅटो, याम कसं? बरोबर आहे तिचं. खरं याम म्हणजे वेगळाच कंद, आपल्या कोनफळाच्या घराण्यातला. पण पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या लोकांना इथे त्यांचा कंद मिळाला नाही, मिळालं रताळं. त्यांनी त्यालाच आपल्या कंदाचं नाव दिलं. पुढे १९३० च्या दशकात लुइझियानाच्या व्यापाऱ्यांनी आपली केशरी रताळी इतरांपेक्षा वेगळी दिसावीत म्हणून तेच नाव बाजारात चालवलं. आपण ह्याला हसायचं कारण नाही. शेजारच्या गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे कोनफळ, आणि रताळ्याला ते ‘शक्करिया’ म्हणतात. आणि आपला ‘बटाटा’? तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांच्याकडे आला कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या भाषेतून. तिथे बटाटा म्हणजे रताळं! म्हणजे आपण शब्द रताळ्याचा घेतला आणि चिकटवला दुसऱ्यालाच.

एवढंच कशाला, उपवासाचं ताट बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, राजगिरा. सगळे मूळचे अमेरिका खंडातले. वरी तेवढी आपली. हे मी आईला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, “मग दालचिनी कुठली?” मी म्हटलं, श्रीलंका, केरळ, आपल्याकडचीच. “ती नाही चालत उपवासाला,” आई म्हणाली आणि बरणीचं झाकण लावून टाकलं. लॉजिक शोधायला जाऊ नका. त्याऐवजी वेलची आली. जायफळावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

आणि इथून खरा सामना सुरू झाला. रताळ्याच्या गोड फोडी आई वर्षानुवर्षं करते. तूप तापवायचं, चकत्या परतायच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या आणि गूळ अगदी शेवटी. हा तिचा कायदा आहे. गूळ आधी पडला की रताळं शिजतच नाही, दडदडीत राहतं. सासूबाईंचा कायदा बरोब्बर उलटा. साखर आधी. कच्च्या चकत्यांवर साखर पसरायची, अर्धा तास ठेवायचं, सुटलेल्या पाण्यातच मंद गॅसवर शिजवायचं. साखर नंतर घातली की चकत्यांचा लगदा होतो.

दोघी पातेल्याच्या दोन बाजूंना. एकीच्या हातात गूळ, दुसरीच्या हातात उलथनं. दोघीही अतिशय नम्र. “मॅम, तो जरा थांबवला तर...” “नो मॅम, आधीच घालावा लागतो.” लग्नात विहिणींचे रुसवेफुगवे ऐकून होते मी, मानपानावरून, अहेरावरून, पंगतीत आधी कोणाला वाढलं ह्यावरून. आमच्या घरातला तो कार्यक्रम राहून गेला होता. तो इथे, गुळावरून.

मजा अशी की दोघीही बरोबर होत्या. साखरेच्या पाकात फोडीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि फोड घट्ट राहते. आपलं पिठूळ रताळं आधीच कोरडं, त्याला पाक लवकर भेटला तर दगड होणार. केशरी रताळं पाणीदार, त्याला आधाराला पाक लवकर मिळाला नाही तर विरघळणार. आई आयुष्यभर पांढऱ्या रताळ्याचा नियम पाळत होती, सासूबाई केशरी रताळ्याचा.

हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, मी नंतर वाचलं. तिथे आईने एक चकती उचलली, बोटांनी दाबली, वास घेतला आणि म्हणाली, “हे रताळं आमचं नाही. तुमच्या पद्धतीने करा.” मग जरा थांबून, “अर्धा गूळ मी शेवटी घालीन.”

प्रमाण सांगते, म्हणजे कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल. दीड किलो केशरी रताळी, बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या. पाव किलोला थोडा कमी किसलेला गूळ, त्यातला अर्धा चकत्यांवर पसरून अर्धा तास ठेवलेला. चार मोठे चमचे तूप. एका संत्र्याचा रस, हा सासूबाईंचा, आणि तो अजिबात वगळू नका, नाहीतर नुसतं गोडमिट्ट होतं. चिमटीभर मीठ. झाकण ठेवून मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये मध्ये पातेलं हलवायचं, चमचा घालून ढवळायचं नाही. सुरी सहज गेली की झाकण काढायचं, उरलेला गूळ, वेलची, जायफळ घालायचं आणि पाक चकत्यांवर चढेपर्यंत आटवायचा. आपली पांढरी रताळी असतील तर आईचं ऐका. आधी वाफवा, सगळा गूळ नंतर.

तर पाक आटत होता, आणि सासूबाई पातेल्याकडे बघतच म्हणाल्या, “लग्नाच्या दिवशी तुम्ही एकदाही स्क्रीनकडे बघितलं नाहीत.”

ताईचा हात थांबला.

“तुम्ही सगळा वेळ बाजूला बघत होतात. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, त्यांना आमचा मुलगा नको आहे. का नको ते मला कोणी सांगायची गरज नाही. मी इथे जन्मलेय, इथेच वाढलेय. मग मी फोन केला नाही.”

आईने गॅस बारीक केला. बाजूला बघत होते कारण तिकडे देव होते, ती म्हणाली. लॅपटॉप टेबलावर होता आणि देवघर डावीकडे. मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकता येत नव्हत्या, तर निदान देवांकडे बघू, म्हणून. एवढं बोलून ती थांबेल असं मला वाटलं होतं. नाही थांबली. बँकेतल्या त्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हणाली, “आमच्या लोकांनी तुमच्या मुलाच्या रंगाबद्दल विचारलं. पुष्कळांनी. मी उत्तर दिलं की तो फार्मसिस्ट आहे. ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि मी काही बोलले नाही.”

स्वयंपाकघरात फक्त पाकाचा बुडबुड आवाज. सासूबाईंनी लगेच मिठी वगैरे मारली नाही, सिनेमात मारतात तशी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आता कुणी विचारलं तर?”

“आता विचारत नाहीत,” आई म्हणाली. “विचारलं तर सांगेन, की हो, आहे. मग?”

“हं,” सासूबाई म्हणाल्या आणि उलथनं आईच्या हातात दिलं.

पुढचं सगळं कार्व्हरने केलं. हो, तोच. ‘एक होता कार्व्हर’. वीणा गवाणकरांचं १९८१ चं पुस्तक, आपल्यापैकी अर्ध्या लोकांना शाळेत बक्षीस म्हणून मिळालेलं. आईने सहज विचारलं, कार्व्हर इथलाच का? शेंगदाणे आणि रताळ्यांवर काम करणारा? सासूबाई वळल्या. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, गुलामीत जन्मलेला, १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला गेलेला, हा पुण्यातल्या एका रिटायर्ड बँकवाल्या बाईला माहीत आहे? आई म्हणाली, मला एकटीला नाही, महाराष्ट्रात घराघरात माहीत आहे, मी ह्या दोघींना वाचून दाखवलंय. सासूबाईंनी नवऱ्याला हाक मारून आत बोलावलं आणि आईला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

मला त्या क्षणी दिवाळीतले ते फोन आठवत होते. तो ‘की’नंतरचा पॉज. फोनच्या पलीकडच्या त्यातल्या बहुतेक घरांतही शोकेसमध्ये हे पुस्तक आहे, मी पाहिलंय.

दोन वाजता पंगत बसली. बावीस माणसं, तीन टेबलं जोडून. सगळ्यांनी हात धरून एकेकाने सांगायचं असतं, आपण कशासाठी थँकफुल आहोत. कुणी तब्येतीसाठी, कुणी नोकरीसाठी. आईची पाळी आली. ती म्हणाली, “फॉर द बर्नर.” एक गॅस मोकळा दिलात म्हणून. सगळे हसले, सासूबाई सगळ्यात जास्त. आईच्या ताटात रताळी, एक केळं आणि संत्र्याच्या फोडी. बाजूला टर्की कापली जात होती, आई शांतपणे चकत्या खात होती. दुसऱ्यांदा वाढून घेतल्या. जिजूंच्या एका मामांनी विचारलं, ह्यात वेगळं काय आहे? सासूबाईंनी सांगितलं, कार्डमम, आणि ते विहिणीचं सिक्रेट असल्यासारखं गप्प बसल्या.

संध्याकाळी शिलाई मशीनवरच्या घटासमोर आईने पोथी वाचली. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. ताईने भाषांतर केलं, काहीही न गाळता, राणीच्या उद्धटपणासकट. कुंकू लावून घेतलं त्यांनी. मग आईने उपवास सोडला, वरणभात आणि उरलेल्या मॅक अँड चीजवर. ते कॉम्बिनेशन कसं लागतं हे मला विचारू नका.

परत यायच्या आधी आईने ताईला इंग्रजी कालनिर्णय मागवायला सांगितलं, २०२३ चं, आणि ते सासूबाईंकडे पाठवलं. फ्रीजला लावलंय त्यांनी. पुढच्या ऑक्टोबरात त्यांचा ताईला फोन. थँक्सगिव्हिंगच्या चौकोनात काहीतरी लिहिलंय, तुझ्या आईचा गुरुवार आहे का? ताईने मला विचारलं, मी भिंतीकडे बघितलं. २३ नोव्हेंबर २०२३. गुरुवार होता, पण मार्गशीर्ष नव्हता. कार्तिकी एकादशी होती.

आई त्या वर्षी पुण्यात. तरीही सासूबाईंनी रताळी त्या एनॅमलच्या पातेल्यातच केली, आणि वाढायच्या आधी फोटो काढून आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. आई जागी होती. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा लावून बघितला आणि एक एक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं: “चकत्या जाड झाल्यात. रंग छान आलाय. गूळ आहे का अजून, की पाठवू?”